आधी नळाचे पाणी तपासा : हॉट टबच्या नव्या मालकांसाठी

बावधनच्या आमच्या घराच्या गच्चीवर बाराशे लिटरचा हॉट टब बसवल्यापासून ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी स्वतःसाठी टब घेतला, त्यांचा मला पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : कोणती रसायने आणायची? माझे उत्तरही ठरलेले आहे. रसायनांची यादी करण्यापूर्वी आपण टबमध्ये कोणते पाणी भरणार आहोत, ते तपासून घ्यावे. टबबरोबर येणारी माहितीपुस्तिका जगात कुठेही चालेल अशा बेताने लिहिलेली असते. पुण्यात मात्र एकाच घराला सकाळी महापालिकेचे, दुपारी बोअरचे आणि संध्याकाळी टँकरचे पाणी मिळू शकते, आणि रसायनांच्या हिशेबाने ही तीन पाणी एकमेकांपासून फार वेगळी असतात.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत साठणारे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे असते. कठीण बेसाल्ट खडकावरून ते लवकर वाहून येते, त्यामुळे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी विरघळलेले असतात. हे पाणी हलके असते. साबणाला चटकन फेस येतो, डाळ लवकर शिजते. त्याच बेसाल्टच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले आणि बोअरमधून उपसलेले पाणी मात्र बहुतेक ठिकाणी जड असते. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर कसा चढतो, हे वाघोली, उंड्री किंवा आमच्या भागातल्या टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांना सांगावे लागत नाही. टँकरच्या पाण्याबद्दल तर खात्रीने काहीच सांगता येत नाही, कारण आजचा टँकर एका विहिरीवरून आणि पुढच्या आठवड्यातला दुसऱ्याच विहिरीवरून भरलेला असू शकतो.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणाऱ्यांमुळे आपल्याकडे घरोघरी पेनासारखे टीडीएस मीटर पोहोचले आहे, आणि त्यावरचा आकडा कमी म्हणजे पाणी उत्तम, असा समज रूढ झाला आहे. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या एकूण पदार्थांचा अंदाज देते. त्यात कॅल्शियम किती, बायकार्बोनेट किती आणि साधे मीठ किती, हे ते सांगू शकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यासाठी मानकात बसणारे पाणीदेखील टबच्या हीटरसाठी फार जड ठरू शकते. हॉट टबमध्ये कॅल्शियमचा जडपणा साधारण १५० ते २५० पीपीएम असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पीपीएम आणि लिटरला मिलिग्रॅम ही दोन मापे व्यवहारात सारखीच धरावीत.

जडपणा जास्त असला की काय होते, ते गिझरमुळे आपल्याला ठाऊक असते. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेट मात्र पाणी तापले की कमी विरघळते, आणि म्हणून ते सर्वांत आधी हीटरवरच बसते. जडपणा फार कमी असला तर काय होते, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्लाचा परिणाम थोपवण्याची पाण्याची क्षमता) दोन्ही अगदी कमी असलेले पाणी धातूला हळूहळू खाते, आणि अशा पाण्यावर फेसही लवकर साचतो. म्हणूनच आरओचे पाणी टबमध्ये भरू नये. सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याबाबतही सावध असावे, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देतो, पण अल्कलिनिटी जवळजवळ आहे तशीच ठेवतो.

ज्यांच्याकडे महापालिकेचे आणि बोअरचे अशी दोन्ही पाणी येतात, त्यांना एक सोपा मार्ग उपलब्ध आहे. समजा, नळाच्या पाण्याचा जडपणा ५० आणि बोअरचा ४०० भरला. तर दोन भाग नळाचे आणि एक भाग बोअरचे पाणी मिसळल्यास सरासरी १६६ च्या आसपास येते आणि कॅल्शियम विकत आणावे लागत नाही. मात्र बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन घातल्याबरोबर पाणी तपकिरी होऊ शकते. म्हणून आधी एका पांढऱ्या बादलीत ते पाणी घेऊन थोडे क्लोरीन घालावे आणि काही तास थांबून पाहावे.

तपासणीसाठी मी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा संच वापरतो. पट्टी सोयीची असते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तिची बाटली उघडी राहिली तर तिच्यावरचे रंग विश्वासार्ह राहत नाहीत. थेंबांच्या संचात अल्कलिनिटीच्या चाचणीसाठी ठरावीक रेषेपर्यंत पाणी घ्यायचे आणि सूचक घातल्यावर ते हिरवे होते. मग एकेक थेंब मोजत घालायचा आणि प्रत्येक थेंबानंतर नळी हलवायची. बराच वेळ काहीच घडत नाही. मग थेंब पडतो तिथे लालसर वलय उमटून विरते आणि पुढच्या एखाद्या थेंबाला संपूर्ण पाणी लाल होते. माझ्या संचात एक थेंब म्हणजे १० पीपीएम. आठव्या थेंबाला रंग पालटला तर अल्कलिनिटी ८० समजायची. जडपणाच्या चाचणीत असाच बदल लालकडून निळ्याकडे होतो. ही मोजणी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर करावी. गच्चीवरच्या पिवळ्या दिव्याखाली रंगांचा निवाडा चुकतो.

नव्या मालकांचा सर्वाधिक वेळ पीएचमागे, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणाऱ्या आकड्यामागे, धावण्यात जातो असे मी पाहिले आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अल्कलिनिटीकडे झालेले दुर्लक्ष असते. पीएच ७.२ ते ७.८ या टप्प्यात आणि शक्यतो ७.४ ते ७.६ च्या दरम्यान असावा, हे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेले असते. पण पीएच स्थिर राहतो तो पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे, आणि एकूण अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः त्याचेच माप. ती फार कमी असेल तर चिमूटभर आम्लानेही पीएच खाली कोसळतो. ती फार जास्त असेल तर पीएच सतत वर चढत राहतो, कारण जेटमधून हवा घुसळली गेली की पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्याबरोबर पाण्याची आम्लताही कमी होते. टबमध्ये कोणी काहीही न घालता पीएच ७.४ वरून ८ कडे गेलेला दिसतो, तो यामुळेच. अशा वेळी रोज थोडे आम्ल घालत बसण्यापेक्षा अल्कलिनिटी एकदा ८० च्या जवळ आणून ठेवावी. हवेचे नॉब बंद ठेवून जेट चालवले तरीही पीएचची चढण बरीच मंदावते.

अल्कलिनिटी वाढवण्यासाठी महागडी बरणी घेण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हेच त्या बरणीत असते. हजार लिटर पाण्याची अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढवायला सुमारे १७ ग्रॅम सोडा लागतो. त्यामुळे बाराशे लिटरच्या टबमध्ये ५० वरून ८० वर जाण्यासाठी साधारण ६० ग्रॅम पुरतो. धुण्याचा सोडा मात्र वेगळा पदार्थ आहे, तो पीएच झपाट्याने वर नेतो. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. कॅल्शियम वाढवायचे असल्यास हजार लिटरला १० पीपीएमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट सुमारे १५ ग्रॅम लागते. ते पाण्यात पडताच चांगलेच तापते, म्हणून ते बादलीभर पाण्यात हळूहळू विरघळवून आणि निवल्यावर टबमध्ये ओतावे. पीएच किंवा अल्कलिनिटी उतरवण्यासाठी सोडियम बायसल्फेट, म्हणजे कोरडे आम्ल, वापरावे. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुण्यासाठी मिळणारे ॲसिड टबमध्ये घालू नये, कारण त्यात लोहासारखी अशुद्धी असते आणि त्याच्या वाफा श्वासाला घातक असतात. कोणतेही रसायन घालताना पंप चालू, हवा बंद आणि झाकण उघडे ठेवावे, एका वेळी एकच पदार्थ घालावा आणि पुन्हा मोजण्यापूर्वी काही तास जाऊ द्यावेत. पाण्यात रसायन घालायचे, रसायनावर पाणी ओतायचे नाही.

हे सगळे झाले की मग क्लोरीनचा विषय येतो, आणि त्याबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. टबमधले पाणी ३८ ते ४० अंशांपर्यंत तापलेले असते, त्यात माणसे बसलेली असतात आणि जेटमुळे पाण्याचे सूक्ष्म तुषार त्यांच्या चेहऱ्यासमोर उडत असतात. लिजिओनेला हा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि अशा तुषारांतूनच फुप्फुसांत जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या एका व्हर्लपूलमधून लिजिओनेलाचा संसर्ग पसरून तीसहून अधिक माणसे दगावली; ती त्या पाण्यात उतरलीदेखील नव्हती, केवळ जवळून गेली होती. स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूमुळे अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखाली, पुरळ उठते. पाणी आरशासारखे नितळ असतानाही हे दोन्ही जिवाणू त्यात असू शकतात. म्हणून हॉट टबमध्ये मुक्त क्लोरीन, म्हणजे कशाशीही संयोग न झालेले आणि जंतू मारायला मोकळे असलेले क्लोरीन, किमान ३ पीपीएम असावे, अशी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेची शिफारस आहे. ब्रोमीन वापरणाऱ्यांसाठी हाच आकडा किमान ४ आहे. उपयोगाच्या आधी मोजणे आणि उपयोगानंतर पुन्हा घालणे, हा नियम आमच्या घरी पाहुणे असले तरी मोडला जात नाही.

येथे पीएच पुन्हा महत्त्वाचा ठरतो. क्लोरीनचे जे रूप जंतूंना झपाट्याने मारते ते हायपोक्लोरस आम्ल, पीएच ७.५ च्या आसपास मुक्त क्लोरीनपैकी जवळपास निम्मे त्या रूपात असते आणि पीएच ८ वर गेल्यावर पाव भागाच्या आसपासच उरते. चाचणीत आकडा तोच दिसतो, पण त्यामागची ताकद अर्धी झालेली असते.

शेजारचे काका एकदा गच्चीवर आले तेव्हा म्हणाले, “अहो, एवढा वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालंय ना?” मी त्यांना म्हणालो, “काका, बहुतेक वेळा उलटंच असतं. क्लोरीन कमी पडलं की हा वास येतो.” घाम, मूत्र आणि त्वचेवरच्या द्रव्यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, डोळ्यांना झोंबणारा आणि नाकात जाणारा वास त्यांचा असतो. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी पिवळा रंग देणारी ओटीओ चाचणी एकूण क्लोरीन मोजते, मुक्त आणि संयुक्त (क्लोरामाइनमध्ये अडकलेले) असा भेद करत नाही. त्यामुळे तिच्यावर विसंबल्यास पाण्यात पुरेसे क्लोरीन आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात बरेचसे क्लोरामाइनच असतात. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. संयुक्त क्लोरीन ०.५ पीपीएमच्या वर गेले तर क्लोरीनची मोठी मात्रा देऊन झाकण उघडे ठेवून पंप चालवावा, आणि मुक्त क्लोरीन पुन्हा ५ च्या खाली येईपर्यंत कोणी पाण्यात उतरू नये.

क्लोरीन कोणत्या स्वरूपात घालायचे, यावर बरीच मतमतांतरे आहेत. दाणेदार डायक्लोर लवकर विरघळते आणि पीएच फारसे हलवत नाही. हजार लिटरला १ पीपीएमसाठी सुमारे १.८ ग्रॅम पुरते. पण त्याच्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनबरोबर पाण्यात सुमारे ०.९ पीपीएम सायन्युरिक आम्लही येते, आणि क्लोरीन खर्च झाले तरी ते तसेच साठत राहते. उघड्या गच्चीवरच्या उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करण्यासाठी त्याचा थोडा साठा उपयोगी असतो. जास्त झाला की तेच आम्ल क्लोरीनला बांधून ठेवते आणि त्याचे काम मंदावते. रोज ३ पीपीएम डायक्लोर घातले तर महिन्याभरात ते ८० पीपीएमपर्यंत जाते. त्यामुळे मी पाणी बदलल्यानंतर पहिले काही दिवस डायक्लोर वापरतो आणि सायन्युरिक आम्ल ३० च्या आसपास पोहोचले की द्रव सोडियम हायपोक्लोराइटकडे वळतो. १० टक्क्यांच्या द्रवाचे १० मिलिलिटर हजार लिटरला सुमारे १ पीपीएम देतात. हा द्रव सुगंध आणि साबण नसलेला घ्यावा, थोडा थोडा घ्यावा आणि सावलीत ठेवावा, कारण पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात त्याची शक्ती लवकर उतरते.

जलतरण तलावांसाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या मात्र टबमध्ये टाकू नयेत. त्या तीव्र आम्लधर्मी असतात आणि हळूहळू विरघळत पडून राहिल्या की ॲक्रिलिकचा पृष्ठभाग खराब करतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनचेच दुसरे रसायन एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींसाठी एकच चमचा किंवा एकच डबा वापरणेही धोक्याचे आहे. घरात लहान मुले असतील तर ही सर्व रसायने कुलपात असावीत, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

पुण्याच्या घरात टबचे पाणी बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तेल. डोक्याला खोबरेल लावून कोणी पाण्यात उतरले की काठाशी चिकट तपकिरी रेघ धरते, फेस येतो आणि क्लोरीन त्या तेलाशी झगडण्यात संपते. दिवाळीत अभ्यंगानंतर थेट टबमध्ये बसण्याची कल्पना मुलांना फार आवडते. आमच्याकडे मात्र त्या दिवशी उटणे लावून, कढत पाण्याने स्वच्छ आंघोळ करून, केस बांधूनच वर जायचे, असा दंडक आहे. एरवीही टबआधी साबणाने आंघोळ करणे आणि पोहण्याचे कपडे नुसत्या पाण्याने धुणे, एवढ्यानेच रसायनांचा खर्च लक्षणीय कमी होतो. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून बहीण, भाचे असे सगळे आले आणि पाचजण तासभर बसले, तेव्हा आधी ४ असलेले मुक्त क्लोरीन नंतर मोजले तर १ च्याही खाली उतरले होते. अशा संध्याकाळनंतर झाकण लावण्याआधी पुन्हा क्लोरीन घालणे अत्यावश्यक असते. “सकाळी बघू” म्हटले की जंतूंना वाढायला रात्रभर उबदार पाणी मिळते.

ऋतूंचा परिणामही ध्यानात घ्यावा. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी कमी होते आणि आपण वरून पाणी घालतो. क्षार मात्र उडून जात नाहीत, त्यामुळे बोअरचे पाणी घालत राहिल्यास जडपणा वाढतच जातो. वळिवाच्या वाऱ्याने धूळ येते आणि फिल्टर लवकर तुंबतो. एरवी आठवड्याने धुतला जाणारा कार्ट्रिज तेव्हा दोन-तीन दिवसांनीच नळाखाली धरावा. पावसाळ्यात झाकणाखालून शिरणारे पावसाचे पाणी अल्कलिनिटी उतरवते. वीज गेली की पंप थांबतो, आणि साचलेल्या कोमट पाण्यातले क्लोरीन किती टिकले हे मोजल्याशिवाय कोणीही उतरू नये.

पाणी केव्हा बदलायचे, याचा एक प्रचलित हिशेब आहे : टबमधील लिटरच्या आकड्याला रोज बसणाऱ्यांच्या संख्येच्या साधारण ११ पटीने भागावे. बाराशे लिटर आणि रोज दोन माणसे असतील तर उत्तर सुमारे ५४ दिवस येते. रोज सरासरी एकच माणूस बसत असेल तर ते दुप्पट होते. गुरुवारी पाणी बंद असलेल्या आठवड्यात, किंवा सोसायटीत टँकरची वाट पाहिली जात असताना, बाराशे लिटर सोडून देणे मला पटत नाही, म्हणून शक्यतो मी मेपूर्वी एकदा पाणी बदलतो आणि उन्हाळा त्यावरच काढतो. बिघडलेले पाणी मात्र काटकसरीसाठी ठेवू नये. पाणी काढण्याआधी पाइपांच्या आत साठलेला बुळबुळीत थर सोडवणारे द्रव्य घालून पंप चालवावा; नवा टब असला तरी हे एकदा करावे, कारण कारखान्यातल्या चाचणीचे पाणी पाइपांत राहिलेले असण्याची शक्यता असते.

हे पाइप धुतलेले पाणी थेट ड्रेनेजमध्ये सोडावे. पाइपांत ते द्रव्य घालण्यापूर्वी जमेल तेवढे जुने पाणी काढून ठेवले, आणि त्यातले क्लोरीन उन्हात एक-दोन दिवसांत शून्यावर आले, तर ते गच्ची व पार्किंग धुण्यासाठी उत्तम उपयोगी पडते. कुंड्यांना ते घालू नये, कारण त्यात साठलेले सोडियमचे क्षार मर्यादित मातीत राहून झाडांना बाधतात.